बार्शीची नोंदवही

‘दुखणं अंगावर काढणं’ हा आपल्या भाषेतला जुना शब्दप्रयोग. तो बहुतेक वेळा बायकांच्या बाबतीत वापरला जातो आणि पुष्कळदा कौतुकानंच वापरला जातो. ‘फार सोशिक होती, शेवटपर्यंत अंगावर काढलं तिनं,’ असं माझ्या एका चुलत आत्याबद्दल आमच्या घरात बोललं जायचं. मराठवाड्यातल्या एका खेड्यात तिचं सासर. पाळी जाऊन तीन-चार वर्षं झाली होती आणि तिच्या अंगावरून पुन्हा जाऊ लागलं. आठ-दहा महिने तिनं कुणाला सांगितलं नाही. ओटीपोटातल्या कळांनी उठता-बसता येईना, तेव्हा तिला सोलापूरला नेलं. डॉक्टरांनी तपासलं आणि माझ्या वडिलांना बाजूला बोलावून सांगितलं, ‘गर्भपिशवीच्या तोंडाचा कॅन्सर आहे. फार पुढं गेलाय.’ ही १९८४ सालची गोष्ट. त्या वर्षीची दिवाळी आत्यानं पाहिली नाही.

पुढं या विषयाचं वाचन करू लागलो तेव्हा एक गोष्ट कळली आणि ती मनातून जाता जाईना. आत्या गेली त्याच्या चाळीस वर्षं आधीपासून हा रोग कर्करोग होण्यापूर्वीच पकडण्याची रीत वैद्यकशास्त्राला ठाऊक होती. म्हणजे ज्ञान होतं, ते आत्याच्या गावापर्यंत पोचलं नव्हतं. प्रयोगशाळा आणि पेशंट यांच्यातलं हे अंतर कमी करण्याचा एक फार मोठा प्रयत्न पुढं तिच्याच मुलुखात झाला. जगानं त्याची दखल घेतली. आपण मात्र पुरेशी घेतली नाही. त्या प्रयत्नाची ही हकिकत.

आधी रोगाविषयी थोडं. गर्भाशयाच्या मुखाचा कर्करोग एका रात्रीत होत नाही. ह्युमन पॅपिलोमा व्हायरस, म्हणजे एचपीव्ही नावाच्या विषाणूचे काही प्रकार शरीरसंबंधातून शरीरात येतात. बहुतेक बायकांच्या शरीरातून ते आपोआप निघून जातात. काहींच्या बाबतीत मात्र ते तिथंच मुक्काम ठोकतात आणि गर्भाशयमुखाच्या पेशी हळूहळू बदलू लागतात. या बदलापासून खऱ्या कर्करोगापर्यंत पोचायला सहसा दहा वर्षं किंवा त्याहूनही अधिक काळ लागतो. या काळात बाईला काहीही त्रास होत नाही. पण तेवढ्या अवधीत कुणी तपासलं, तर तो बिघडलेला भाग गोठवून किंवा काढून टाकून रोग तिथल्या तिथं थांबवता येतो. एवढी मोठी मुदत देणारे कर्करोग फार थोडे.

ही मुदत वापरायची पहिली रीत सापडली ती अमेरिकेत. जॉर्ज पॅपनिकोलाऊ हे मूळचे ग्रीक डॉक्टर न्यूयॉर्कला काम करत होते. गर्भाशयमुखाजवळचा स्राव काचपट्टीवर पसरून सूक्ष्मदर्शकाखाली पाहिला तर बिघडलेल्या पेशी ओळखता येतात, हे त्यांनी १९२८ मध्ये मांडलं. त्यांची पत्नी वर्षानुवर्षं स्वतःचे नमुने त्यांच्या अभ्यासासाठी देत आली होती. तेव्हा त्यांच्या म्हणण्याकडे फारसं कुणी लक्ष दिलं नाही. १९४३ मध्ये हर्बर्ट ट्रॉट यांच्याबरोबर त्यांनी पुस्तक प्रसिद्ध केलं आणि मग ‘पॅप स्मिअर’ ही तपासणी जगभर माहीत झाली.

पण माहीत होणं वेगळं आणि घरोघर पोचणं वेगळं. याचा दाखला इंग्लंडमध्येच मिळतो. तिथं १९६०च्या दशकापासून पॅप तपासणी होत होती. डॉक्टर होते, प्रयोगशाळा होत्या, सरकारी आरोग्यसेवा फुकट होती. तरीही वीस-पंचवीस वर्षं अपेक्षित परिणाम दिसला नाही. कारण साधं होतं. जी बाई इतर कारणानं डॉक्टरकडे जाई तिचीच तपासणी पुनःपुन्हा होई आणि जिला खरी गरज ती येतच नसे. १९८८ मध्ये त्यांनी एक बदल केला. प्रत्येक बाईचं नाव यादीत घेऊन ठरलेल्या काळानं तिला घरी पत्र पाठवायचं, आणि अहवाल बिघडलेला आला तर पाठपुरावा करायचा. त्या वर्षी तपासणीच्या कक्षेत ४२ टक्के बायका होत्या. १९९४ पर्यंत हे प्रमाण ८५ टक्क्यांवर गेलं आणि रोग झपाट्यानं उतरू लागला. तपासणी तीच, डॉक्टरही तेच. नव्यानं आली होती ती यादी आणि पोस्टमन.

आता आपल्याकडे येऊ. मुंबईत परळला टाटा मेमोरियल रुग्णालय १९४१ च्या फेब्रुवारीत सुरू झालं. मेहेरबाई टाटा १९३१ मध्ये ल्युकेमियानं गेल्या आणि पुढच्याच वर्षी त्यांचे पती दोराबजी टाटाही गेले. त्यांच्या मागं उभ्या राहिलेल्या कामातलं हे रुग्णालय. तिथं विकृतिशास्त्राचं काम डॉ. वसंत रामजी खानोलकर यांच्याकडे आलं. खानोलकर हे या देशातल्या कर्करोग संशोधनाचे आद्य पुरुष. त्यांनी पेशंटच्या शरीरातल्या गाठीबरोबर त्याची जात-जमात, खाणंपिणं, तंबाखू, राहणी यांचीही नोंद ठेवायला सुरुवात केली. पारशी बायकांत स्तनाचा कर्करोग जास्त आणि हिंदू बायकांत गर्भाशयमुखाचा जास्त, हा फरक याच नोंदींतून पुढं आला. १९५२ मध्ये त्यांच्याच पुढाकारानं परळला संशोधन केंद्र निघालं. म्हणजे रुग्णालय आणि प्रयोगशाळा एकमेकांच्या शेजारी असाव्यात, हा विचार आपल्याकडे अगदी सुरुवातीपासून होता.

१९६३ मध्ये इंडियन कॅन्सर सोसायटीनं मुंबईत कर्करोगाची लोकसंख्येवर आधारित नोंदणी सुरू केली. डॉ. दारा जस्सावाला यांचं नाव या कामाशी कायमचं जोडलं गेलं. एखाद्या रुग्णालयात किती पेशंट आले हे मोजणं सोपं असतं. एका शहरातल्या सगळ्या माणसांपैकी किती जणांना कोणता कर्करोग झाला, हे मोजायला घरोघरचा, दवाखान्यादवाखान्यातला आणि मृत्युनोंदणीतला माग काढावा लागतो. मुंबईनं ते केलं. पण मुंबईच्या वहीत मुंबईच. भूम-परांड्याच्या बाईला काय होतं, हे कुठल्याच वहीत नव्हतं. देशातली बहुसंख्य माणसं खेड्यात राहत होती आणि त्यांच्या कर्करोगाचा हिशेब मात्र शहरांच्या आकड्यांवरून बांधला जात होता.

ही उणीव भरून निघाली ती बार्शीत. बार्शी म्हणजे भगवंताचं गाव, आणि ‘बार्शी लाइट’ या छोट्या रेल्वेमुळं एकेकाळी सगळ्या महाराष्ट्राला ठाऊक असलेलं. सोलापूर जिल्ह्यातला हा तालुका मराठवाड्याच्या वेशीवरच आहे. इथं डॉ. भगवान नेने यांच्या प्रयत्नांनी नर्गिस दत्त यांच्या नावाचं कर्करोग रुग्णालय उभं राहिलं. १९८७ मध्ये टाटा मेमोरियलच्या साहाय्यानं या रुग्णालयात नोंदणीचं काम सुरू झालं. देशातली ही पहिली ग्रामीण कर्करोग नोंदवही. सोलापूर जिल्ह्यातला बार्शी तालुका आणि तेव्हाच्या उस्मानाबाद, आताच्या धाराशिव जिल्ह्यातले परांडा आणि भूम हे तालुके, मिळून ३४६ गावं तिच्या कक्षेत होती.

काम सुरू झालं आणि पहिल्याच पावलाला अडचण आली. मुंबईची पद्धत इथं चालणार नव्हती. मुंबईत नोंदणीचा कारकून रुग्णालयात जाऊन केसपेपर उतरवून आणतो. इथं कॅन्सरचा पेशंट रुग्णालयात जातच नव्हता, मग केसपेपर येणार कुठून? तो घरीच असायचा आणि घरीच जायचा. दाखल्यावर मरणाचं कारण ‘म्हातारपण’ किंवा ‘ताप’ असं लिहिलेलं असायचं. तेव्हा बार्शीच्या लोकांनी उलटी वाट धरली. केसपेपर येत नाही ना, मग आपणच गावात जाऊ. क्षेत्रकार्यकर्ते गावोगाव फिरू लागले. सरपंच, शिक्षक, आरोग्यसेविका यांना भेटायचं, चार माणसं जमवून कर्करोगाची लक्षणं सांगायची. तोंडात न भरणारी जखम, छातीत गाठ, पाळी गेल्यावर अंगावरून जाणं, बैठक झाल्यावर अंगावर लाल दिसणं. असं कुणाला होत असेल तर सांगा, बार्शीला तपासणीची सोय करू, असं म्हणायचं. आणि काही महिन्यांनी पुन्हा त्याच गावात जायचं.

या भेटींचा हेतू मोजणी हा होता. पण मोजणाऱ्यांना काही वर्षांनी एक वेगळीच गोष्ट दिसली. गर्भाशयमुखाच्या कर्करोगाच्या ज्या बायका येत होत्या, त्यांच्यात लवकरच्या टप्प्यावर येणाऱ्यांचं प्रमाण वाढू लागलं होतं. कुठलंही नवं यंत्र आलेलं नव्हतं, नवं औषध नव्हतं. फक्त कुणीतरी येऊन विचारत होतं आणि पुन्हा येत होतं. श्रीमती कस्तुरी जयंत, डॉ. नेने आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हे निरीक्षण १९९५ मध्ये आंतरराष्ट्रीय नियतकालिकात प्रसिद्ध केलं. विचारलं की बाई सांगते, ही त्यातली मला सर्वांत मोलाची वाटणारी गोष्ट. आमच्या आत्याला आठ-दहा महिने कुणी विचारलंच नव्हतं.

नोंदवही तयार झाली, गावांचा विश्वास बसला, माणसं तयार झाली. आता पुढचा प्रश्न विचारता येत होता. लक्षणं दिसायच्या आधीच रोग पकडायचा तर आपल्या खेड्यात कोणती तपासणी चालेल? पॅप स्मिअरला काचपट्टी वाचणारे प्रशिक्षित तज्ज्ञ लागतात. ते जिल्ह्याच्या गावीही मिळण्याची मारामार. दुसरी एक अगदी स्वस्त रीत होती. गर्भाशयमुखाला चार-पाच टक्के ॲसेटिक ॲसिड, म्हणजे आपलं साधं व्हिनेगर लावायचं, मिनिटभर थांबायचं आणि चांगल्या उजेडात नुसत्या डोळ्यांनी पाहायचं. बिघडलेला भाग पांढरा पडतो. आणि तिसरी रीत होती एचपीव्ही विषाणूच शोधण्याची. जर्मनीच्या हाराल्ड झुर हाउसेन यांनी १९८३ मध्ये या कर्करोगात एचपीव्हीचा सोळावा प्रकार सापडल्याचं दाखवलं होतं. त्यांना पुढं २००८ मध्ये नोबेल मिळालं. त्या शोधावर आधारलेली तपासणी १९९०च्या दशकाअखेर उपलब्ध झाली होती, पण महाग होती.

तिन्हींची परीक्षा घ्यायचं ठरलं. टाटा मेमोरियल, बार्शीचं रुग्णालय आणि फ्रान्समधल्या लिऑन इथली जागतिक आरोग्य संघटनेची कर्करोग संशोधन संस्था यांनी मिळून ऑक्टोबर १९९९ मध्ये उस्मानाबाद जिल्ह्यात काम सुरू केलं. डॉ. रंगस्वामी शंकरनारायणन हे लिऑनकडून, डॉ. केतायुन दिनशॉ आणि डॉ. सुरेंद्र शास्त्री टाटाकडून आणि डॉ. नेने बार्शीकडून. ४९७ गावांचे ५२ गट केले आणि चिठ्ठ्या टाकल्यासारखी त्यांची चार भागांत वाटणी केली. एका भागातल्या बायकांची एचपीव्ही तपासणी, दुसऱ्यात पॅप, तिसऱ्यात व्हिनेगर, आणि चौथ्या भागात कोणतीही तपासणी नाही, फक्त नेहमीची सेवा. तीस ते एकोणसाठ वर्षांच्या १ लाख ३१ हजार ७४६ बायका यात होत्या. प्रत्येकीची तपासणी एकदाच करायची आणि मग वर्षानुवर्षं लक्ष ठेवायचं, असा बेत होता.

हे काम कागदावर सोपं दिसतं. प्रत्यक्षात काय होतं याचा विचार करा. सकाळी शेतावर जाणारी बाई. तिला काहीही त्रास नाही. तिला सांगायचं, तुमची आतून तपासणी करायची आहे. ‘मला काय झालंय?’ हा तिचा पहिला प्रश्न. ‘आमच्या यांना विचारते’ हे दुसरं वाक्य. तिसरं, ‘आजचा रोज बुडेल.’ कार्यकर्त्या घरोघर गेल्या, नावानिशी यादी केली, प्रत्येकीला समजावून सांगितलं. गावाच्या जवळच तपासणीची व्यवस्था केली. परिचारिकांना शिकवून तयार केलं. जिचा अहवाल बिघडलेला आला, तिच्यापर्यंत पुन्हा पोचून तिला पुढच्या तपासणीला आणि उपचाराला आणलं. परिणाम असा की बोलावलेल्या पाच बायकांपैकी जवळजवळ चार जणी आल्या.

निकाल २ एप्रिल २००९ रोजी ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’ या जगातल्या अग्रगण्य वैद्यकीय नियतकालिकात छापून आला. ज्या गावांत तपासणी नव्हती, तिथं पुढं गेलेला कर्करोग ८२ बायकांत आढळला आणि ६४ बायका दगावल्या. ज्या गावांत एकदाच, आयुष्यात फक्त एकदाच, एचपीव्ही तपासणी झाली, तिथं पुढं गेलेला कर्करोग ३९ बायकांत आढळला आणि ३४ दगावल्या. दोन्ही गटांत बायकांची संख्या साधारण सारखी होती, तीस हजारांच्या वर. म्हणजे एका तपासणीनं मृत्यूचं प्रमाण निम्म्याच्या जवळ आलं. एकदाच केलेल्या पॅपनं किंवा व्हिनेगरनं मात्र मृत्यूत तसा ठळक फरक पडला नाही. एचपीव्ही तपासणीत निर्दोष ठरलेल्या २४ हजार ३८० बायकांपैकी पुढं फक्त ८ जणींना हा कर्करोग झाला. एका एचपीव्ही तपासणीनं मृत्यू टळतात याचा असा पुरावा जगात पहिल्यांदाच मिळाला, आणि तो मिळाला उस्मानाबादच्या गावांमधून.

व्हिनेगरची गोष्ट मात्र इथं संपली नाही. मुंबईत १९९८ पासून डॉ. शास्त्री आणि त्यांचे सहकारी झोपडपट्ट्यांमध्ये दुसरा प्रयोग करत होते. इथं तपासणी करणाऱ्या डॉक्टर नव्हत्या, परिचारिकाही नव्हत्या. दहावीपर्यंत शिकलेल्या, बोलण्यात चांगल्या असलेल्या स्थानिक बायकांना महिनाभर शिकवून तयार केलं होतं. दीड लाखाच्या वर बायका या प्रयोगात होत्या. निम्म्या बायकांची दर दोन वर्षांनी अशी चार वेळा व्हिनेगर तपासणी झाली. बारा वर्षांनंतरचा निकाल २०१३ मध्ये शिकागोच्या कर्करोगतज्ज्ञांच्या मोठ्या परिषदेत मांडला गेला. गर्भाशयमुखाच्या कर्करोगाचे मृत्यू ३१ टक्क्यांनी कमी झाले होते. तामिळनाडूत दिंडीगल जिल्ह्यातल्या प्रयोगातही व्हिनेगरनं मृत्यू ३५ टक्क्यांनी घटल्याचं २००७ मध्येच प्रसिद्ध झालं होतं. तेव्हा दोन वाटा मोकळ्या झाल्या. पैसे असतील तर एचपीव्ही तपासणी, आणि नसतील तर शिकवलेल्या बाईच्या हातचं व्हिनेगर, पण ते पुनःपुन्हा, आणि चांगल्या देखरेखीखाली.

इथं एका अवघड गोष्टीविषयी बोललं पाहिजे. चौथ्या गटातल्या त्या ६४ बायकांचं काय? या प्रयोगांवर देशात आणि परदेशात कडक टीका झाली. पॅप तपासणीचा उपयोग होतो हे अनेक दशकं माहीत असताना हजारो बायकांना काहीच तपासणी न देता नुसतं पाहत राहणं योग्य होतं का, असा टीकाकारांचा प्रश्न होता. संमती घेताना बायकांना सगळं नीट सांगितलं गेलं का, हाही प्रश्न विचारला गेला. संशोधकांचं उत्तर असं होतं की त्या गावांत तेव्हा कोणतीच तपासणी होत नव्हती, त्या गटातल्या बायकांनाही तपासणी कुठं करून मिळते हे सांगितलं होतं, आणि आपल्या परिस्थितीत काय चालतं याचा पुरावा नसता तर सरकारनं कधीच पाऊल उचललं नसतं. दोन्ही बाजूंत तथ्य आहे असं मला वाटतं. मात्र एक गोष्ट दोन्ही बाजूंना मान्य करावी लागेल. संशोधकांचं म्हणणं खरं ठरायचं असेल, तर पुरावा मिळाल्यावर पाऊल पडायला हवं होतं. नाही तर त्या बायकांनी दिलेलं मोल वाया गेलं.

पाऊल पडलं का? २०१६ मध्ये केंद्र सरकारनं तीस वर्षांपुढच्या सर्वांसाठी तोंडाच्या, स्तनाच्या आणि गर्भाशयमुखाच्या कर्करोगाच्या तपासणीची मार्गदर्शक तत्त्वं काढली. गर्भाशयमुखासाठी व्हिनेगरची रीत त्यात घेतली. कागदावर बार्शी आणि मुंबई पोचल्या. मग २०१९ ते २०२१ या काळात पाचवी राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणी झाली. तीस ते एकोणपन्नास वयाच्या किती बायकांची आयुष्यात कधीतरी ही तपासणी झाली आहे, असं तिनं विचारलं. देशाचं उत्तर होतं १.९ टक्के. शंभरात दोघीसुद्धा नाहीत. तामिळनाडूनं राज्यभर कार्यक्रम राबवला होता, तिथं हा आकडा ९.८ टक्के होता. म्हणजे होऊ शकतं, पण तिथंही दहातल्या नऊ जणी बाहेरच. आणि रोग? जागतिक अंदाजानुसार २०२२ या एका वर्षात भारतात सुमारे १ लाख २७ हजार बायकांना हा कर्करोग झाला आणि सुमारे ८० हजार बायका दगावल्या.

असं का झालं, याचं उत्तर बार्शीच्या कामातच आहे. आपण प्रयोगातून तपासणी उचलली आणि तिच्याभोवतीची व्यवस्था मागं ठेवली. तिथं नावानिशी यादी होती, बोलवायला घरी जाणारी बाई होती, गाडी होती, निकाल घरपोच होता, न येणाऱ्या बाईकडे पुन्हा फेरी होती. उपकेंद्रातल्या नर्सबाईंकडे काय असतं? लसीकरण, बाळंतपणं, गरोदर बायांच्या भेटी, रक्तदाब-मधुमेहाच्या नोंदी, आणि त्यात आणखी एक रकाना. तपासणीला एक टेबल लागतं, पडदा लागतो, चांगला उजेड लागतो, पाणी लागतं, रोजच्या रोज योग्य प्रमाणात केलेलं व्हिनेगर लागतं. यातली एक गोष्ट नसली तरी ती तपासणी होत नाही. आणि समजा झाली, पांढरा डाग दिसला, तर पुढं काय? तो भाग गोठवायच्या यंत्राला गॅसची टाकी लागते. ती भरून आणायला तालुक्याला कोण जाणार? जिल्हा रुग्णालयाची चिठ्ठी देऊन बाईला वाटेला लावलं, तर ती शंभरातल्या किती वेळा पोचेल? ज्या बाईला त्रासच नाही, तिनं दोन रोज बुडवून, एसटीनं जाऊन, रांगेत उभं राहून यावं, असं आपण गृहीत धरतो. इंग्लंडातली शिकलेली बाईसुद्धा पत्राशिवाय आली नव्हती.

तपासणीइतकीच विलक्षण हकिकत लशीची आहे. एचपीव्हीची लस २००६ मध्ये जगात आली. तीन डोस द्यायचे, असा नियम होता. दोन डोस पुरतात का हे पाहण्यासाठी २००९ मध्ये भारतात मोठा अभ्यास सुरू झाला. त्याच्या केंद्रांमध्ये पुन्हा बार्शी होती, पुणेही होतं. पण त्याच सुमारास आंध्र आणि गुजरातमध्ये दुसऱ्याच एका लसीकरण प्रकल्पावरून मोठं वादळ उठलं. काही मुलींच्या मृत्यूंची चौकशी झाली. ते मृत्यू लशीमुळं झाल्याचं दिसलं नाही, पण संमती घेण्यातल्या गंभीर त्रुटी पुढं आल्या. एप्रिल २०१० मध्ये सरकारनं अशा सगळ्या अभ्यासांतलं लसीकरण थांबवलं. त्यामुळं सुमारे पाच हजार मुलींना एकच डोस मिळाला आणि पुढचे डोस राहून गेले. संशोधकांनी या मुलींची साथ सोडली नाही. वर्षानुवर्षं त्यांच्याशी संपर्क ठेवला. २०२१ मध्ये दहा वर्षांचे निष्कर्ष आले. एका डोसनं मिळालेलं संरक्षण दोन आणि तीन डोसांच्या तोडीचं होतं, ९५ टक्क्यांच्या आसपास. २०२२ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेनं एक डोसही चालेल असं सांगितलं, त्यामागं जे पुरावे होते त्यांत या मुलींचा वाटा मोठा आहे. जगभरच्या गरीब देशांचा लशीचा खर्च त्यामुळं कमी झाला. त्याच वर्षी पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटच्या देशी लशीला मान्यता मिळाली.

तपासणीच्या बाबतीतही जगानं बार्शीचं ऐकलं. हा कर्करोग जगातून हटवण्याचं जागतिक आरोग्य संघटनेचं धोरण २०२० मध्ये आलं. पंधरा वर्षांच्या आतल्या ९० टक्के मुलींना लस, पस्तिशीत आणि पंचेचाळिशीत अशी दोनदा ७० टक्के बायकांची तपासणी आणि रोग सापडलेल्या ९० टक्के बायकांना उपचार, आणि हे २०३० पर्यंत. २०२१ च्या सूचनांत पहिली पसंती एचपीव्ही तपासणीला दिली. त्यातली एक सोय आपल्याकडच्या बायकांसाठी विशेष उपयोगाची आहे. नमुना बाई स्वतःच घेऊ शकते. आडोसा मिळाला की पुरे, टेबलावर झोपावं लागत नाही, दुसऱ्या कुणी पाहावंही लागत नाही. ‘लाज वाटते’ हे ज्या तपासणीच्या आड येत होतं, तिची वाट यामुळं बरीच सोपी होते. पण घेतलेला नमुना प्रयोगशाळेत जायला हवा, निकाल त्याच बाईकडे परत यायला हवा, आणि दोष निघाला तर तिला हाताला धरून उपचारापर्यंत न्यायला हवं. हे काम कुठल्याही किटमध्ये भरून येत नाही. त्यासाठी माणूस लागतो, आणि त्या माणसाला पगार, वेळ आणि गाडीभाडं लागतं.

संशोधन आणि उपचार यांच्यातली दरी म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर मोठमोठी यंत्रं आणि महागडी औषधं येतात. तीही दरी खरीच आहे. पण ही दुसरी दरी व्हिनेगरच्या एका बाटलीएवढी आहे, आणि तीच आपल्याकडून ओलांडली जात नाही, याचं वाईट वाटतं. जे सिद्ध करायचं होतं ते आपल्याच बायकांनी सिद्ध करून दिलं आहे. उस्मानाबादच्या १ लाख ३१ हजार, मुंबईच्या दीड लाख. त्यांच्यातल्या कितीतरी जणींना तपासणी मिळाली नाही, आणि मिळालेल्यांच्या तब्येतीशी तुलना करण्यासाठीच त्यांची नावं यादीत होती. त्यांच्या लेकी-सुना आता तिशी-चाळिशीत आहेत. त्यांना ती तपासणी मिळणं हे आपल्यावरचं देणं आहे.

माझ्या आत्याचं नाव बार्शीच्या नोंदवहीत नाही. ती वही उघडण्याच्या तीन वर्षं आधीच ती गेली. पण तिच्यानंतरच्या बायकांची नावं त्या वहीत आहेत, गावासकट, वयासकट, आजाराच्या टप्प्यासकट. कुणीतरी त्यांच्या दारात जाऊन विचारलं म्हणून ती तिथं आहेत. आपल्या घरात तिशी ओलांडलेली कुणी असेल, आई, बहीण, बायको, वहिनी, तर तिला आज विचारा, तुझी ही तपासणी झाली आहे का? ‘नाही’ म्हणाली, तर गावच्या आशाताईंना आणि उपकेंद्राच्या नर्सबाईंना विचारा की इथं ती कधी होते. त्यांनी ‘होत नाही’ असं सांगितलं, तर हाच प्रश्न पुढच्या ग्रामसभेत विचारा, आणि त्याची इतिवृत्तात नोंद करून घ्या.